सदस्यगटांच्या ईमेल याद्या: पत्रे परत येतात आणि भलत्याच सदस्यांचे वितरण थांबते

प्रश्न:
आमच्या व्यावसायिक संघटनेच्या प्रत्येक अभ्यासगटासाठी मेलमनवर (ईमेल याद्या चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) स्वतंत्र चर्चायादी आहे. ठरावीक सदस्यांनी लिहिलेली पत्रे इतर अनेकांचे सर्व्हर नाकारतात आणि त्यामुळे त्या इतरांचेच वितरण आपोआप थांबते. असे का होत असावे?

उत्तर १:
हा डीमार्कचा परिणाम दिसतो; पत्र खरोखर प्रेषकाच्या डोमेनवरून (पत्त्यातील @ नंतरच्या भागावरून) आले का हे तपासून, न जुळल्यास त्याचे काय करायचे हे त्या डोमेनने ठरवण्याची ही पद्धत आहे. २०१४ मध्ये याहूने न जुळणारी पत्रे नाकारण्याचे कठोर धोरण लागू केल्यापासून ही अडचण सर्वत्र जाणवू लागली. यादी विषयात गटाचे नाव किंवा तळाशी टीप जोडते तेव्हा मूळ डीकिम स्वाक्षरी (पत्र वाटेत बदललेले नाही हे दाखवणारी डिजिटल खूण) जुळेनाशी होते, आणि पत्र यादीच्या सर्व्हरवरून निघाल्यामुळे एसपीएफची (पाठवणाऱ्या सर्व्हरला परवानगी आहे का याची) तपासणीही प्रेषकाच्या डोमेनशी मेळ खात नाही. मग स्वीकारणारा सर्व्हर पत्र परत पाठवतो आणि मेलमन त्याचा ठपका बिचाऱ्या वाचकावर ठेवतो. ‘प्रेषक’ म्हणून यादीचाच पत्ता दाखवण्याची सोय मेलमनमध्ये आहे. ती सुरू करावी.

उत्तर २:
सहमत, मात्र लेखकाचा मूळ पत्ता ‘रिप्लाय-टू’मध्ये (उत्तर कोणत्या पत्त्यावर जाईल ते सांगणाऱ्या नोंदीत) कायम राहतो ना, हे आधी तपासावे, अन्यथा खासगी उत्तर संपूर्ण गटाला जाऊ शकते, आणि व्यावसायिक मंडळींत ते फार महागात पडते.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. प्रथम एकाच गटाच्या यादीवर हा बदल करून पाहतो.