मदत हवी आहे: नाकातले सिलिया पुन्हा चालू होतात का?

रानवारा:
डॉक्टरांनी दुर्बिणीने पाहिलं. म्हणाले, वाट मोकळी आहे, पण आतले बारीक केस म्हणजे सिलिया नीट काम करत नसणार, म्हणून कफ साचतो. रोज सकाळी घशामागे चिकट गोळा, खाकरून खाकरून जीव जातो. वासही येत नाही. नाक धुतो, स्प्रे मारतो. हे केस मेले ते मेलेच का? काही गोळी, व्हिटॅमिन? "डॉक्टरांना विचारा" एवढंच कृपया लिहू नका.

सोनचाफा:
कधीपासून? लहानपणापासून की मोठेपणी? मांस वाढलं होतं का? स्प्रे कुठला?

रानवारा:
दुखणं जुनंच आहे, पण लहानपणी नव्हतं. स्प्रे नाकाचाच.

सोनचाफा:
अहो, स्टेरॉइडचा की चोंदलेलं नाक उघडायचा? दुसरा असेल तर आठवडाभरातच उलटतो, नाक जास्तच चोंदतं.

रानवारा:
स्टेरॉइडचा. ऑपरेशननंतर दिलाय.

बाराखडी:
ऑपरेशन?! कधी झालं?

रानवारा:
गेल्या महिन्यात. सायनस, म्हणजे नाकाभोवतीच्या पोकळ्या, उघडून झाले, तो विषय संपला ना.

मेघडंबरी:
जलनेती करा. मी कित्येक वर्षं करतेय, सर्दी माहीत नाही. पाण्यात मीठ जरा सढळ हाताने घाला, कफ सुटतो.

टपालवाला:
ताई, सढळ हाताने नको. लिटरला ९ ग्रॅम म्हणजे शरीराइतकं खारट. फार तीव्र द्रावणात सिलिया मंदावतात, थांबतातही, प्रयोगशाळेत दिसलंय. आणि पाणी उकळून गार केलेलंच हवं. नळाच्या पाण्यातला अमीबा नाकावाटे मेंदूत जाऊ शकतो, क्वचित घडतं पण जीवघेणं असतं.

मेघडंबरी:
पाणी मी उकळूनच घेते. आणि थोडं जास्त खारट पाणी कफ लवकर पुढे सरकवतं, हेही तपासलं गेलंय. बशीतले सिलिया आणि माणसाचं नाक एक नव्हे.

बाराखडी:
मिठावरून नंतर भांडा. रानवारा, गालामागच्या सायनसचं तोंड तळाशी नसतं, वरच्या बाजूला असतं. कफ तिथवर चढवतात ते सिलिया, सेकंदाला साधारण १० ते १५ फटके मारून. तोंड मोठं केलं म्हणून कफ आपोआप ओघळत नाही. सूज फार काळ राहिली की सिलियावाल्या पेशी झडतात, त्यांच्या जागी कफ करणाऱ्या पेशी वाढतात. म्हणजे कफ जास्त आणि ढकलणारे कमी. पण हे बहुतेकदा भरून येतं. सूज आटोक्यात राहिली तर नवं अस्तर धरतं, त्याला काही आठवडे ते काही महिने लागतात. महिन्याभरात निकाल लावू नका. सिलिया उगवायची गोळी नाही. स्प्रे आणि धुणं सोडू नका, धूर टाळा.

कातरवेळ:
हाड वाकडं असेल तर आधी ते सरळ करा. माझं घोरणं त्यानेच गेलं.

सोनचाफा:
घोरण्याचं कोणी विचारलंय? लहानपणापासून त्रास असता तर मी जन्मजात सिलियादोषाची तपासणी सुचवली असती. त्यात निम्म्या जणांचं हृदय उजवीकडे असतं.

रानवारा:
माझं डावीकडेच आहे. सिलिया चालतात की नाही हे कळायची काही टेस्ट?

टपालवाला:
सॅकरिनची. नाकात पुढच्या भागात, खालच्या फुगवट्यावर कणभर ठेवतात. मान सरळ, शिंकायचं नाही, नाक ओढायचं नाही, नुसतं बसायचं. कण मागे वाहत घशाशी पोचला की गोड लागतं. २० मिनिटांच्या आत लागलं तर ठीक, अर्ध्या तासावर गेलं तर वाहतूक मंद. पण जखम ओली असताना कशाला? खपल्या निघू द्या.

रानवारा:
बरं, थांबतो. पण वासाचं कोणीच बोललं नाही.

बाराखडी:
तो भाग वेगळा, नाकाच्या अगदी छतापाशी. तिथल्या पेशींनाही सिलिया असतात, पण ते हलत नाहीत, वास टिपतात. वास पूर्ण गेलाय की अधूनमधून येतो? ऑपरेशनच्या आधी येत होता का?