एक मुलगी भारी, बाकीच्या बघ्या: कोणते सामने दाखवू?

सिमेंट_कोर्ट

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीच्या कोर्टवर मी संध्याकाळी चौदा वर्षांखालच्या मुलींचा बास्केटबॉलचा सराव घेतो. कोच वगैरे नाही, कॉलेजात खेळलो तेवढीच पुंजी. दहा मुली आहेत. त्यांतली एक बाकीच्यांपेक्षा कितीतरी पुढे. तिला इथे छोटी म्हणतो, कारण उंचीने तीच सगळ्यांत कमी. दोन्ही हातांनी ड्रिबल, ले-अप सहसा चुकत नाही. आणि इथेच घोडं पेंड खातं. बॉल छोटीकडे गेला की उरलेल्या चौघी कमरेवर हात ठेवून बघत उभ्या!

गेल्या महिन्यातल्या स्पर्धेत समोरच्यांनी दुसऱ्या क्वार्टरपासून तिच्यावर दोघी लावल्या. खेळ खल्लास. शेवटच्या क्वार्टरमध्ये आमचे चार गुण, तेही फ्री थ्रोचे.

दिवाळीच्या सुट्टीत क्लबहाउसमधला प्रोजेक्टर मिळतोय. मोठे खेळाडू आणि त्यांना कोचने कसं वापरलं हे कळेल असे दोन-तीन सामने सुचवा. नुसतं 'जॉर्डन दाखव' नको, सामन्यात नेमकं कुठे बघायला सांगू तेही लिहा.

झोपमोड

पहाटे सहाचा गजर लावून एनबीए (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) फायनल बघणाऱ्या जमातीतला मी, त्यामुळे राहवत नाही. स्टीफन करी. पण करीच्या हातात बॉल असताना नाही, त्याने बॉल सोडल्यावर बघायचं.

एकच खेळाडू, दोन कोच, इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही. २०१३-१४ मध्ये मार्क जॅक्सनच्या हाताखाली करीच्या वॉरियर्स संघाने ५१ सामने जिंकले आणि प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत क्लिपर्सकडून सातव्या सामन्यात बाहेर. संघ वाईट नव्हता, पण पासिंग फारच कमी. पुढच्या वर्षी स्टीव्ह कर आला (करीचा कोच कर, मराठीत लिहायला घेतलं की गंमतच होते) आणि ६७ विजय, वर किताब. करी तोच. फरक असा की तो पास देऊन थांबत नाही, स्क्रीनच्या (वाट अडवून उभ्या राहिलेल्या सहकाऱ्याच्या) मागून पळत सुटतो. घाबरून दोन डिफेंडर त्याच्यामागे जातात आणि रिंगखाली कुणीतरी एकटाच उरतो.

दोघं थेट अंगावर आले तर? करी बॉल फ्री थ्रो लाइनजवळ ड्रेमंड ग्रीनला देतो. आता ग्रीनसह चौघं हल्ला करणारे, अडवणारे तिघं. तुमच्या दुसऱ्या क्वार्टरचं उत्तर तिथे आहे. २०१५ च्या फायनलचा चौथा सामना लावा. क्लीव्हलंड २-१ ने पुढे. करने सात फुटी बोगटला बसवून आंद्रे इग्वोडालाला पहिल्या पाचांत घेतलं. अख्ख्या मोसमात इग्वोडालाने एकही सामना सुरुवातीपासून खेळलेला नव्हता. वॉरियर्सने तो १०३-८२ ने जिंकला, किताबही घेतला आणि फायनलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला इग्वोडाला.

पीटीचे_सर

झोपमोड, तुमचं विश्लेषण बरोबर, औषध चुकीचं. चौदा वर्षांच्या मुलांना करी दाखवायचा म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. मी दाखवलाय. पुढचा महिनाभर पोरं मध्यरेषेवरून बॉल भिरकावत होती. हाताची जागा बिघडली ती वेगळीच, खांद्यातून फेकायची सवय मोडता मोडता माझे केस गेले. (आधीच कमी होते, ते सोडा.)

जॉर्डन नको म्हणालात, तरी मी १९९१ च्या फायनलचा पाचवा सामना सुचवतो. त्यात जॉर्डनकडे बघायचं नाही, त्याच्या संघातल्या जॉन पॅक्सनकडे बघायचं. १९८६-८७ मध्ये जॉर्डनची सरासरी ३७.१ गुण होती. एकट्याने! आणि त्याचा संघ बुल्स ४० विजय, ४२ पराभव, पहिल्या फेरीत बोस्टनकडून ३-० गारद. १९८९ ला फिल जॅक्सन मुख्य कोच झाला, सोबत सहायक कोच टेक्स विंटरची त्रिकोणी पद्धत. बॉल फिरता ठेवायचा, म्हणजे जॉर्डनने थोडा सोडायचा. त्याला ते सुरुवातीला मुळीच रुचलं नव्हतं. लेकर्सविरुद्धच्या त्या सामन्यात जॅक्सनने टाइमआउटला त्याला विचारलं, मोकळं कोण आहे? उत्तर होतं पॅक्सन. पॅक्सनने त्या दिवशी २० गुण केले आणि बुल्सचा पहिला किताब आला.

मुलींना सांगा, बॉल यायच्या आधी पॅक्सनचे गुडघे बघा, हात बघा. दोन्ही तयार. तुमच्या चौघींचे हात कमरेवर आहेत, हे तुम्हीच लिहिलंय.

एडिसनकर

न्यू जर्सीहून. आमच्याकडून फिलाडेल्फिया जवळ, त्यामुळे पक्षपात आधीच कबूल. छोटी बुटकी आहे म्हणता, मग फिलाडेल्फिया सिक्सर्सच्या अ‍ॅलन आयव्हरसनला कसे विसरलात? उंची कागदावर सहा फूट, डोळ्यांना त्याहून कमी.

कोच लॅरी ब्राउनने त्याला पॉइंट गार्डवरून (बॉल वर आणणारा) काढून शूटिंग गार्ड (मुख्यतः शॉट मारणारा) केलं. बॉल वर आणायचं काम एरिक स्नोकडे. आयव्हरसन बिनबॉलचा एकामागून एक स्क्रीनमधून पळायचा आणि बॉल मिळेपर्यंत त्याचा माणूस दोन पावलं मागे पडलेला असायचा. उलट्या बाजूला समोरचा तगडा गार्ड स्नो अंगावर घ्यायचा, म्हणजे आयव्हरसन वाचला. २००१ च्या फायनलचा पहिला सामना बघा. लेकर्स त्या प्लेऑफमध्ये तोवर एकही हरले नव्हते. आयव्हरसन ४८ गुण, ओव्हरटाइममध्ये सिक्सर्स विजयी. पुढचे चार हरलो, ते मी आजही बघत नाही.

सिमेंट_कोर्ट

सगळ्यांचे आभार, वहीत उतरवून घेतोय.

एडिसनकर, एक शंका. सिक्सर्समध्ये बाकीचे चौघं डिफेन्स आणि रिबाउंडसाठीच (हुकलेला बॉल पकडायला) होते ना? म्हणजे आमच्यासारखंच झालं. पण एक मुद्दा लागला. छोटी बॉल स्वतः वर आणते, स्वतः मारते, मग परत पळत जाऊन डिफेन्स. तिसऱ्या क्वार्टरला तिचा चेहरा बीटासारखा लाल असतो. बॉल दुसरीने आणायला हवा हे मला आधी सुचायला हवं होतं.

फळीवरून

माझ्या आयडीवरून ओळखलंच असेल की मी टिम डंकनवाला. फळीवर आपटून बॉल आत, आवाज नाही, आरडाओरडा नाही. पण आज डंकनचं नाव घेत नाही, निकोला योकिचचं घेतो.

आधी एक विचारतो. तुमच्या दहांत उंच, धिमी, पण मान वर ठेवून खेळणारी कुणी आहे का?

योकिच २०१४ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) ४१ वा. पळण्यात मागे, उडी बेताची. डेन्व्हरचा तेव्हाचा कोच मायकल मलोन त्याला सुरुवातीला युसुफ नुर्किचच्या जोडीने खेळवायचा, म्हणजे रिंगखाली दोन पहाड आणि मध्ये वाट नाही. डिसेंबर २०१६ मध्ये मलोनने योकिचला एकटा सेंटर (रिंगजवळचा उंच खेळाडू) केला आणि हल्ला त्याच्या हातून फिरवायला सुरुवात केली. आता बॉल फ्री थ्रो लाइनच्या कोपऱ्यात योकिचकडे जातो आणि बाकीचे कट मारतात, म्हणजे झपकन रिंगकडे पळतात. जमाल मरे पास देतो, त्याच्याच अंगाला घासून पळतो, बॉल परत हातात. दोघं मरेवर गेले तर योकिच मोकळा. योकिचवर आले तर कोपऱ्यातला मोकळा.

२०२३ ची वेस्टची (पश्चिम विभागाची) फायनल, लेकर्सविरुद्ध पहिला सामना. ३४ गुण, २१ रिबाउंड, १४ असिस्ट. चौथा क्वार्टर तुम्ही स्वतःसाठी बघा: लेकर्सने योकिचवर रुई हाचिमुराला घातलं आणि अँथनी डेव्हिसला मागे मोकळा ठेवला. डेन्व्हर अडखळलं, पण जिंकलं.

सिमेंट_कोर्ट

आहे हो एक! पाच फूट सात. तिला मी आजवर फक्त रिंगखाली उभी करून 'रिबाउंड घे' एवढंच ओरडत आलोय.

झोपमोड

लब्रॉन जेम्स राहिला. २०११ ला त्याचं मायामी डॅलसकडून हरलं, पुढच्या वर्षी कोच स्पोल्स्ट्राने बॉशला सेंटर आणि लब्रॉनला पॉवर फॉरवर्ड करून सगळं मैदान पसरवलं, किताब मिळाला. पण तशा अंगाची मुलगी कुणाच्याच सोसायटीत नसते, म्हणून सोडून देऊ.

वरणफळे

किती वेळ गप्प बसू? दहा मुलींसाठी सल्ला मागितलाय आणि एवढ्या प्रतिसादांत एकही बाई नाही!

लास व्हेगस एसेस, अमेरिकेच्या महिला लीगमधला संघ. बेकी हॅमन २०२२ ला कोच म्हणून आली, त्याच वर्षी किताब, २०२३ ला पुन्हा. एजा विल्सन आधीपासूनच संघात होती, चांगलीच होती. २०२३ च्या फायनलचा चौथा सामना, न्यूयॉर्कच्या घरच्या मैदानावर. पॉइंट गार्ड चेल्सी ग्रे आणि काया स्टोक्स, दोघी दुखापतीमुळे बाहेर. म्हणजे पहिल्या पाचांतल्या दोन गेल्या. एरवी बाकावरून येणाऱ्या अलिशा क्लार्क आणि केला जॉर्ज सुरुवातीपासून उतरल्या. विल्सनने २४ गुण आणि १६ रिबाउंड घेतले, पण ७०-६९ असा एका गुणाने सुटलेला सामना एकटीने होत नाही. न्यूयॉर्कचा शेवटचा शॉट कोपऱ्यातून चुकला तेव्हा मी घरात एवढ्या जोरात ओरडले की सासूबाई देवघरातून बाहेर आल्या.

शिवाय बॉल तोच, सहा नंबरचा, जो तुमच्या मुली खेळतात. उगाच पुरुषांच्या उड्या बघून 'आपल्याला कुठे जमणार' असं वाटायला नको.

पीटीचे_सर

वरणफळे ताई, कान पकडले. पॅक्सन मागे घेतो, हा सामना पुढे.

दादा, आता दाखवायचं कसं तेही ऐका. पूर्ण सामना लावू नका, पंधरा मिनिटांत चिवड्याची पिशवी फुटते आणि लक्ष संपतं. आवाज बंद. दुसरी डिफेंडर आली की चित्र थांबवायचं आणि विचारायचं, 'आत्ता मोकळी कोण?' उत्तर आल्याशिवाय पुढे जायचं नाही. दुसऱ्या दिवशी कोर्टवर अर्ध्या मैदानात चौघी विरुद्ध तिघी, ड्रिबल पूर्ण बंद. छोटीला सगळ्यांत जास्त त्रास होईल. होऊ द्या.

सिमेंट_कोर्ट

उशिरा लिहितोय, दिवाळीत पाहुणे होते.

एसेसचा सामना आणि योकिचचे तुकडे दाखवले. चिवड्याचं भाकीत खरं ठरलं, फक्त पंधराऐवजी अकराव्या मिनिटाला. पण 'मोकळी कोण' हा खेळ त्यांना इतका आवडला की शेवटी मी थांबवायच्या आधीच ओरडायला लागल्या.

कोर्टवर मात्र पहिले दोन दिवस हसं झालं. उंच मुलगी फ्री थ्रो लाइनच्या कोपऱ्यात बॉल घेऊन उभी, पास देते ते थेट कुंपणावर. छोटी रुसली. ड्रिबल नाही म्हणजे हात बांधल्यासारखंच वाटतं म्हणाली. तिची आई मला लिफ्टमध्ये भेटली, तिनेही विचारलं, तिला कमी खेळवताय का? काय उत्तर द्यायचं ते मला तेव्हा सुचलं नाही.

काल मात्र एक झालं. छोटीने उंच मुलीला पास दिला आणि सवयीने, कमरेवर हात ठेवून, उभी राहिली. कोपऱ्यातून सगळ्यांत लाजाळू पोर, जी माझ्याशीही धड बोलत नाही, ती किंचाळली, "अगं पळ ना, बघत काय बसलीस!"

छोटी पळाली. पास तिच्या मागून गेला. गुण नाही.

झोपमोड, तो चौथा सामना मी एकट्याने बघतोय, मुलींना सांगू नका. वरणफळे ताई, हॅमनचे आणखी सामने असतील तर टाका. पुढची स्पर्धा जानेवारीत आहे.