बचत गटासाठी स्वस्त फोन : ‘गो एडिशन’ घ्यावा की नेहमीचा अँड्रॉइड?

माळावरची (प्रश्न)

नमस्कार. आमच्या बचत गटातील सदस्यांसाठी आठ हजारांच्या आतले स्मार्टफोन एकत्रच घ्यायचे आहेत. व्हॉट्सॲप, यूपीआय, हिशेबाच्या वहीचे फोटो पाठवणे आणि मराठीत टाइप करणे एवढीच कामे आहेत. तालुक्याच्या दुकानदाराने दोन फोन दाखवले. एकात 2 जीबी रॅम, 32 जीबी स्टोरेज आणि ‘अँड्रॉइड गो’ आहे. दुसरा हजारभर रुपयांनी महाग असून त्यात 4 जीबी रॅम, 64 जीबी स्टोरेज आणि नेहमीचे अँड्रॉइड आहे. गो हलके असल्यामुळे 2 जीबी भरपूर होतात, असे त्याचे म्हणणे आहे. ते कितपत खरे आहे? अँड्रॉइडखेरीज एखादी हलकी प्रणाली उपलब्ध आहे का, आणि घरात पडून असलेल्या जुन्या फोनांवर लिनिएजओएस (अँड्रॉइडवरच बेतलेली मोफत प्रणाली) टाकून ते वापरता येतील का?

तांत्रिक_तात्या

गो ही वेगळी प्रणाली नाही. कमी रॅमच्या फोनसाठी आटोपशीर केलेले तेच अँड्रॉइड आहे. डिसेंबर 2017 मध्ये ओरिओ या अँड्रॉइडच्या आवृत्तीसोबत ते आले तेव्हा 1 जीबी किंवा त्याहून कमी रॅमचे फोन डोळ्यांसमोर होते, आणि अँड्रॉइड 13 पर्यंत त्याचीच किमान अट 2 जीबी रॅम व 16 जीबी स्टोरेज अशी झाली. म्हणजे दुकानदार ज्याला भरपूर म्हणतो आहे, तो त्या प्रणालीचा उंबरठा आहे.

गोमुळे प्रणालीचा स्वतःचा भार कमी होतो, रॅममधील माहिती दाबून कमी जागेत बसवली जाते आणि पडद्यामागच्या ॲपना रॅममधून लवकर बाहेर काढले जाते. परंतु व्हॉट्सॲप किंवा यूपीआयचे ॲप तेच राहते, त्याचे वजन घटत नाही. गूगलने खास बनवलेले यूट्यूब गोसुद्धा 2022 मध्ये बंद झाले. तुमच्या कामात ही अडचण अशी दिसेल : सदस्य पैसे पाठवायला ॲप उघडते, रक्कम टाकते, खाते क्रमांक पाहण्यासाठी क्षणभर व्हॉट्सॲपमध्ये जाते आणि परतते, तर पैसे पाठवण्याचे ॲप पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊन कुलूप उघडायला सांगते. त्या बाईला वाटते की आपलेच काहीतरी चुकले. हजार रुपये जास्त गेले तरी चालतील, 4 जीबीचाच घ्यावा.

गोच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. अँड्रॉइड 10 पासून गो फोनवर एका ॲपला दुसऱ्या ॲपच्या वर आपली खिडकी दाखवण्याची परवानगी मिळत नाही. फसवणुकीची ॲप बोकाळलेल्या काळात हा तोटा मला फायदाच वाटतो.

जुनी_बॅटरी

पर्यायी प्रणालींबद्दल लिहितो, कारण भारतात हे प्रयोग झालेले आहेत. 2014 मध्ये मोझिलाच्या फायरफॉक्स ओएस या प्रणालीवरचा इंटेक्स क्लाउड एफएक्स हा फोन 1,999 रुपयांना आला होता आणि त्यात 128 एमबी रॅम होती. पुढच्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये मोझिलाने अशा फोनांचा नाद सोडल्याचे जाहीर केले. जानेवारी 2015 मध्ये सॅमसंगने टायझेन या प्रणालीवर चालणारा झेड 1 हा फोन 5,700 रुपयांना आणला, तीही वाट फार पुढे गेली नाही. फायरफॉक्स ओएसच्याच पायावर उभ्या राहिलेल्या काई ओएसला 2017 च्या जिओफोनमुळे खरा प्रसार मिळाला. 512 एमबी रॅममध्ये तो फोन चालत असे आणि पुढे त्यावर व्हॉट्सॲपही आले, पण 2024 मध्ये ते नव्याने डाउनलोड करण्याची सोय बंद झाली. हलकेपणात यांपैकी कोणतीच प्रणाली कमी पडली नव्हती. लोकांना हवी ती ॲप तिथे आली नाहीत किंवा आली ती टिकली नाहीत.

ज्या सदस्यांना फक्त पैसे पाठवायचे आहेत, त्यांच्यासाठी बटणांच्या फोनवरून चालणारी यूपीआय 123पे ही सेवा मार्च 2022 पासून आहे. प्रत्येकीला स्मार्टफोन हवाच आहे का, हेही एकदा विचारून पाहा.

सोल्डर_आणि_चहा

मी फोनदुरुस्तीचे काम करतो. तात्यांशी सहमत आहे, परंतु रॅमच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. खोक्यावर ‘8 जीबी’ छापून खाली बारीक अक्षरांत ‘4+4’ लिहिलेले असते. त्यातले दुसरे चार म्हणजे स्टोरेजचा उसना घेतलेला भाग, आणि स्वस्त फोनांतले ईएमएमसी प्रकारचे स्टोरेज रॅमच्या मानाने फारच संथ असते. शिवाय ते काठोकाठ भरले की अख्खा फोन रखडतो. माझ्याकडे ‘हँग होतो’ म्हणून येणाऱ्या फोनांत बहुधा सुप्रभातची फुले, देवांचे फोटो आणि लग्नांचे व्हिडिओ यांनीच जागा अडवलेली असते. फोन हातात देण्यापूर्वी व्हॉट्सॲपमधील मीडिया आपोआप डाउनलोड होणे बंद करून द्या.

जुन्या फोनांवर लिनिएजओएस टाकता येते, मात्र त्याच मॉडेलसाठी ते उपलब्ध हवे आणि बूटलोडर (फोन सुरू होताना प्रणाली चालू करणारा भाग, कंपनी तो कुलूपबंद ठेवते) उघडता यायला हवा. तो उघडला की पैशांची अनेक ॲप चालायला नकार देतात, त्यामुळे यूपीआयसाठी त्या फोनांचा विचार करू नका. वहीचे फोटो काढायला आणि भजने ऐकायला ते उत्तम आहेत.

माळावरची

सर्वांचे आभार. 4 जीबीचाच घेण्याचे ठरवतो आहोत. दुकानात फोन हातात घेतल्यावर आणखी काय तपासावे?

तांत्रिक_तात्या

सेटिंगमध्ये ‘फोनविषयी’ उघडून अँड्रॉइडची आवृत्ती आणि शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख पाहा. ती वर्षभर जुनी असेल तर तो नग दुकानात पडून राहिला आहे किंवा कंपनीने त्याला वाऱ्यावर सोडले आहे. दुकानदाराला वायफाय जोडून तिथेच अपडेट शोधायला सांगा आणि काहीच आले नाही तर दुसरे मॉडेल मागा.