सिम्पथी, एम्पथी आणि आपली सहानुभूती

‘सिम्पथी म्हणजे सहानुभूती; मग एम्पथीला मराठीत काय म्हणावे?’ असा प्रश्न चर्चेला आला आहे. उत्तरादाखल समानुभूती, परानुभूती, तदनुभूती, सहसंवेदना असे शब्द सुचवले गेले आहेत आणि प्रत्येकाच्या बाजूने काही ना काही म्हणता येते. मला मात्र आधी प्रश्नाचा पूर्वार्धच तपासून पाहावासा वाटतो, कारण ‘सिम्पथी’ हा शब्द इंग्रजीत एका जागी थांबलेला नाही. आज इंग्रजी बोलणारा माणूस ज्याला एम्पथी म्हणतो, त्याच गोष्टीला अठराव्या शतकातला इंग्रजी लेखक सिम्पथी म्हणत असे, आणि एम्पथी हा शब्द तर आजच्या अर्थाच्या जवळपास जाणाऱ्या कोणत्याही अर्थाने विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत इंग्रजीत रुळलेलाच नव्हता.

सिम्पथीचे मूळ ग्रीक आहे. त्यातल्या ‘सुन्’चा अर्थ ‘सह’ आणि ‘पाथोस’चा अर्थ ‘जे वाट्याला येते, जे भोगावे लागते ते’. म्हणून पाथोसमध्ये भावना आणि दुःख हे दोन्ही अर्थ आहेत. हा शब्द लॅटिनमधून सोळाव्या शतकात इंग्रजीत आला तेव्हा त्याचा माणसाच्या दयाळूपणाशी फारसा संबंध नव्हता. दोन वस्तूंमध्ये दुरूनही चालणारे, डोळ्यांना न दिसणारे जे नाते, त्याला सिम्पथी म्हणत. लोहचुंबक लोखंडाला ओढतो ती सिम्पथी, आणि शरीराचा एक अवयव बिघडला की दुसराही बिघडतो तीही सिम्पथीच. केनेल्म डिग्बी या इंग्रज सरदाराने सतराव्या शतकात ‘सिम्पथीची पूड’ गाजवली होती. मुख्यतः हिराकसापासून केलेली ही पूड जखमेवर लावायची नसे. जखमेचे रक्त लागलेल्या कापडावर किंवा हत्यारावर ती टाकली की दूर असलेल्या माणसाची जखम भरून येते, असा दावा होता. ही समजूत खोटी असली तरी तिच्यामुळे शब्दाचा जुना अर्थ स्वच्छ दिसतो : एकीकडे काही घडले की त्याचा परिणाम दुसरीकडे उमटणे.

हा जुना अर्थ मेलेला नाही. शरीरशास्त्रात ज्याला आपण अनुकंपी तंत्रिका तंत्र म्हणतो, त्याचे इंग्रजी नाव याच शब्दावरून पडले आहे. भीती वाटली की छातीत धडधडणे आणि घाम फुटणे ही कामे करणाऱ्या या यंत्रणेला ‘अनुकंपी’ का म्हणायचे, हे विद्यार्थ्यांना कळत नाही, कारण अनुकंपा म्हणजे दया एवढेच त्यांना ठाऊक असते. अवयव एकमेकांच्या साथीने चालतात, या जुन्या कल्पनेतून ते नाव आले आहे. सतारीत मुख्य तारांखाली ज्या तरफेच्या तारा असतात, त्यांनाही इंग्रजीत ‘सिम्पथेटिक’ तारा म्हणतात. वरची तार छेडली की तिच्या सुराशी जुळवलेली खालची तार कोणी न छेडता आपोआप झंकारते.

तारेचा हा दाखला वाटेल तिथून उचललेला नाही. डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने १७३९-४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सिम्पथीचे स्पष्टीकरण करताना हीच उपमा दिली आहे. सारख्या ताणलेल्या तारांपैकी एक हलली की तिची हालचाल इतरांत पोहोचते, तशाच भावना एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातात, असे तो म्हणतो. त्याच ग्रंथात माणसांची मने एकमेकांचे आरसे आहेत, असेही वाक्य आहे. ते वाचताना मराठी वाचकाला अभिनवगुप्ताची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. दहाव्या-अकराव्या शतकातल्या या काश्मिरी आचार्याने ‘सहृदय’ या शब्दाची व्याख्या करताना ‘मनोमुकुर’ म्हणजे मनाचा आरसा हाच शब्द वापरला आहे : काव्याच्या सततच्या अनुशीलनाने ज्यांच्या मनाचा आरसा निर्मळ झालेला असतो आणि म्हणून वर्ण्य विषयाशी तन्मय होण्याची पात्रता ज्यांच्या अंगी येते, ते सहृदय. एकाचा दुसऱ्याशी संबंध जोडण्याचे कारण नाही. पण दोघांना एकच दृष्टान्त सुचावा, याचे मला फार अप्रूप वाटते.

आणि तारेचा झंकार तर आपल्या शब्दातच आहे. अनु म्हणजे मागोमाग आणि कंप म्हणजे थरथर; दुसरा थरथरला की त्याच्या मागोमाग आपणही थरथरतो, ती अनुकंपा. ह्यूमला जे सांगायला एक वाक्य लागले, ते या एका शब्दात आहे. आज तो ‘अनुकंपा तत्त्वावर नोकरी’ या शासकीय प्रयोगात अडकून पडला आहे आणि त्यातला कंप कोणाला ऐकू येत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

ह्यूमचा मित्र अॅडम स्मिथ याने १७५९ मध्ये नीतिविषयक भावनांवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्याचे पहिले प्रकरणच सिम्पथीवर लिहिले. शब्दचर्चेच्या दृष्टीने त्यातला एक खुलासा महत्त्वाचा आहे. दया आणि करुणा हे शब्द दुसऱ्याच्या दुःखात सहभागी होण्यापुरते आहेत. सिम्पथीचा अर्थही मुळात कदाचित तेवढाच असेल, पण आता तो कोणत्याही भावनेतल्या सहभागासाठी वापरायला हरकत नसावी, असे स्मिथ स्वतःच सांगतो. म्हणजे दुसऱ्याच्या आनंदात आनंद होणे हीसुद्धा त्याच्या लेखी सिम्पथीच आहे. ‘जावे त्याच्या वंशा, तेव्हा कळे’ ही म्हण स्मिथने अर्धी मान्य केली असती. सख्खा भाऊ यातना भोगत असला तरी आपण स्वतः सुखात असेपर्यंत आपली इंद्रिये आपल्याला त्याच्या वेदनेची खबर देत नाहीत, हे तो आरंभीच सांगतो. म्हणीचा उरलेला अर्धा भाग मात्र तो मान्य करत नाही, कारण त्याच्या वंशाला जाता आले नाही तरी कल्पनेने त्याच्या जागी जाता येते, आणि हे जागा बदलणे म्हणजेच सिम्पथी. दोरीवरचा कसरतपटू झुकला की खाली उभे असलेले लोकही नकळत अंग वाकवतात, हे त्याचे उदाहरण कोणीही पडताळून पाहावे.

पुढच्या काळात सिम्पथीचा हा विस्तार आकसला. एकोणिसाव्या आणि विशेषतः विसाव्या शतकात तो शब्द दुःखाकडे, सांत्वनाकडे आणि शेवटी किवेकडे सरकत गेला. आज इंग्रजीत सिम्पथी कार्ड म्हणजे घरात कोणी गेल्यावर पाठवायचे कार्ड. या बदलाची खूण शब्दयोगी रचनेतही दिसते. स्मिथच्या काळातली सिम्पथी ठळकपणे कोणा‘शी’ असते; आजची बहुधा कोणा‘साठी’ किंवा कोणा‘बद्दल’ असते. ‘शी’मध्ये माणूस शेजारी उभा असतो, ‘बद्दल’मध्ये तो समोर आणि थोडा खाली असतो.

एम्पथीचा जन्म मात्र सर्वस्वी वेगळ्या घरात, सौंदर्यशास्त्रात झाला. रॉबर्ट फिशर या जर्मन अभ्यासकाने १८७३ मध्ये ‘आइनफ्यूलुंग’ या शब्दाचा वापर केला. त्याचा शब्दशः अर्थ ‘आत शिरून अनुभवणे’. हे शिरणे माणसात नव्हते; ते वस्तूत, आकारात होते. थिओडोर लिप्स या जर्मन तत्त्वज्ञाने या कल्पनेचा मोठा सिद्धान्त केला. दगडी खांब आपल्याला ‘उभा राहताना’, वर उचलला जाताना दिसतो, तो आपण आपलीच ताकद आणि ताण त्याच्यात ओततो म्हणून, असे त्याचे म्हणणे होते. सह्याद्रीत फिरणाऱ्या कोणालाही हे वेगळे समजावून सांगायला नको. कडा जागचा हलत नाही, तरी तो ‘अंगावर येतो’, वाट ‘दमवते’, घाट ‘वळणे घेत उतरतो’. शाळेत आपण याला चेतनागुणोक्ती अलंकार म्हणतो. तो अलंकार आपल्याला का सुचतो, याचे उत्तर आइनफ्यूलुंगच्या सिद्धान्तात आहे. लिप्सनेही पुढे तारेवरच्या कसरतपटूचाच दाखला घेतला आणि वस्तूंबरोबर माणसांनाही या कल्पनेत आणले.

या जर्मन शब्दाला इंग्रजी प्रतिशब्द म्हणून अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टिचनर याने १९०९ मध्ये ‘एम्पथी’ हा शब्द ग्रीक धाटणीवर बनवला. ‘सुन्’ म्हणजे सह, त्याऐवजी ‘एन्’ म्हणजे आत. गांभीर्य, नम्रता, अभिमान हे आपण नुसते पाहत नाही. मनाच्या स्नायूंनी ते करूनही पाहतो, असे त्याने लिहिले आहे. ‘मनाचे स्नायू’ ही त्याची शब्दयोजना मला फार आवडते. मात्र ग्रीक भाषेत हा शब्द आधीपासून होता आणि त्याचा जुना अर्थ तीव्र विकार असा होता. आधुनिक ग्रीकमध्ये ‘एम्पाथिया’ म्हणजे द्वेष, आकस. त्यामुळे एम्पथीसाठी खुद्द ग्रीकांना दुसरा शब्द वापरावा लागतो. एक भाषा दुसरीच्या मुळांतून शब्द घडवते तेव्हा मूळ भाषेचे लोक त्याला ओळखतीलच असे नाही.

आकारात शिरणारी एम्पथी माणसात शिरू लागली ती प्रामुख्याने दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे, समुपदेशनाच्या क्षेत्रात. कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९५७ च्या निबंधात तिची जी व्याख्या केली, तिच्यावर आजचा अर्थ उभा आहे : समोरच्याचे अंतर्जग जणू आपलेच आहे असे जाणणे, पण त्यातला ‘जणू’ कधीही न गमावता. मराठी व्याकरण शिकलेल्या माणसाला यातले मर्म चटकन कळेल. मुख ‘जणू’ कमळ ही उत्प्रेक्षा आणि मुख‘कमल’ हे रूपक. एम्पथी उत्प्रेक्षेपाशी थांबते. समुपदेशक समोरच्याच्या दुःखाशी एकरूप झाला, म्हणजे रूपकात गेला, तर दोघेही बुडतील.

आता मराठीकडे. ‘सहानुभूती’ची घडण सिम्पथीशी घटकागणिक जुळते : सह आणि अनुभूती. तिच्यात दुःख नाही, कीव नाही, वरून खाली पाहणेही नाही. तरीही आज ‘मला कोणाची सहानुभूती नको’ असे म्हणणाऱ्याला ‘माझी कीव करू नका’ असेच म्हणायचे असते; अर्जात ‘सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा’ असे लिहिणारा विनवणी करत असतो; आणि निवडणुकीत ‘सहानुभूतीची लाट’ मृत्यूनंतर येते. इंग्रजी शब्द आकसला, तसा आपला शब्दही त्याच दिशेने आकसला. शिवाय तो आपण ‘बद्दल’ किंवा ‘विषयी’ लावून वापरतो. ‘शी’ लागतो तो समरस होणे, तादात्म्य पावणे, एकरूप होणे यांना.

समानुभूती हा शब्द शिक्षणक्षेत्रात बराच स्थिरावला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात पुरस्कारलेल्या दहा जीवनकौशल्यांत एम्पथी आहे आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणात तिला समानुभूती म्हणतात. शिक्षकांनी तो खुशाल वापरावा. माझा आक्षेप त्यातल्या ‘सम’ला आहे. एखादा माणूस चारचौघांत उद्धटपणे वागतो, त्याला त्याचे काहीच वाटत नाही आणि आपल्यालाच त्याच्या वतीने शरम वाटते, असे एक उदाहरण स्मिथने दिले आहे. तिथे अनुभूती सम नाही, आणि तरी आपण त्याच्या जागी गेलेलो आहोत. रॉजर्सचा ‘जणू’ही ‘सम’मध्ये मावत नाही. परानुभूतीत ‘दुसऱ्याची अनुभूती’ एवढेच सांगितले जाते, आपण त्यात कसे आहोत ते नाही. ‘परकायाप्रवेश’ हा समीक्षेतला जुना शब्द आइनफ्यूलुंगच्या सर्वांत जवळचा आहे, कारण त्यात आत शिरणे आहे आणि परत येणेही गृहीत आहे. पण दवाखान्यात किंवा वर्गात तो जड होईल.

मी अनुवाद करताना एकच प्रतिशब्द सर्वत्र लावत नाही. स्मिथ किंवा ह्यूम असेल तर ‘सहानुभूती’च लिहितो आणि पहिल्याच ठिकाणी तिचा व्यापक अर्थ सांगतो, तिथे दया लिहिणे ही चूक आहे. लिप्स आणि टिचनर असतील तर ‘अंतःप्रवेश’ असे साधे लिहितो. शोकपत्रातली सिम्पथी असेल तर ‘सांत्वन’. रॉजर्सनंतरच्या एम्पथीला मात्र मी शक्य तिथे नामच वापरत नाही, क्रियापद वापरतो. ‘तिच्या जागी स्वतःला ठेवून पाहिले’ हे मराठी वाक्य पाचवीतल्या मुलालाही कळते, त्यातल्या ‘ठेवून पाहणे’ या जोडणीत रॉजर्सचा ‘जणू’ शिल्लक राहतो आणि कोणताही नवा शब्द घडवावा लागत नाही.