मदत हवी आहे: आईच्या गोधडीसाठी कात्री बदलू की रोटरी कटर घेऊ?

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहिणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय नीट सल्ला मिळणार नाही.

आम्ही लालबागला चाळीत राहतो. आई ७१ वर्षांची, मूळची साताऱ्याकडची, त्यामुळे तिच्या तोंडी गोधडी नाही, वाकळच. लग्नानंतर मुंबईत आली तेव्हापासून घरात, नात्यात, शेजारी कुणाकडे बाळ आलं की दुपटं आईचंच. सध्या माझी भाची हॉस्टेलला जाणार आहे तिच्यासाठी पाच बाय सात फुटांची करायला घेतलीय, आजीची एक नऊवारी आणि आईच्या स्वतःच्या कॉटनच्या साड्या. सहा इंचाचे चौकोन धरले तर दहा गुणिले चौदा म्हणजे १४० तुकडे.

आणि इथेच अडलंय. दिवाळीपासून आईचा उजवा अंगठा मुळाशी दुखतो, डॉक्टर म्हणाले सांधा झिजलाय, घट्ट पकडायची आणि दाबायची कामं कमी करा. मी म्हटलं आई तू शिव, मी कापते, तर ती गप्पच बसली. मग लक्षात आलं की तिला शिवणं तेवढं आवडतच नाही, तिला आवडतं ते कापणं आणि मांडणं. दुपारी जेवणं झाली की चटई पसरून तुकडे लावत बसते, हा जांभळा इथे नको, याला शेजारी शांत रंग पाहिजे, असं स्वतःशी बोलत अर्धा अर्धा तास नुसती बघत राहते. मला उलट धावदोरा आवडतो, कडेपासून सुरू करून गोल गोल मध्यापर्यंत येत जायचं, आणि पहिल्या धुण्यानंतर त्या टाक्यांमधून कापड जे बारीक बारीक चुण्या धरतं ते बघायला तर मला फारच आवडतं. म्हणजे आमची वाटणी छान बसलेली आहे आणि तिचा वाटा मला काढून घ्यायचा नाहीये.

आमच्याकडे दहा इंची जुनी शिंप्याची कात्री आहे, पितळी मुठीची, आजोबांच्या वेळची. ती मी गेल्या महिन्यात रस्त्यावर एकाकडे धार लावायला दिली, त्याने चाकावर इतकी घासली की पात्याचं टोक निळं पडलं आणि आता दोन्ही पाती टोकाला मिळतच नाहीत, मऊ कापड कापायच्या ऐवजी दुमडून चावतं. खूप वाईट वाटलं.

तर आता हलकी कात्री घ्यावी की तो गोल पात्याचा रोटरी कटर? त्याला खाली मॅट लागते म्हणतात, ती केवढी घ्यायची? आमच्याकडे टेबल नाही, जमीन आहे नाहीतर ओटा. आणि मुख्य म्हणजे जुनी साडी इतकी मऊ असते की पट्टी ठेवली तरी खालून सरकते, त्याला काय करायचं?

*सुईदोरा:*
ताई, आधी आईंना नमस्कार सांगा. रोटरी कटर घ्या, डोळे झाकून. मी आठ वर्षं वापरतेय. ओल्फा या जपानी कंपनीने तो १९७९ मध्ये आणला, तोडून टाकायच्या पात्याचा कटरही त्यांचाच. मिळतात १८, २८, ४५ आणि ६० मिलिमीटरमध्ये. तुम्ही ४५ घ्या. २८ वळणांना बरा पण सरळ पट्ट्यांना फार वेळा फिरवावा लागतो, ६० मोठा आणि जड. पाती बदलायला पण ४५ चीच सगळ्यात सहज मिळतात.

अंगठ्याचं म्हणाल तर कात्रीत प्रत्येक वेळी अंगठ्याने उघड-मीट करावी लागते, कटरमध्ये मूठ धरून नुसतं पुढे ढकलायचं. पण एक गोष्ट, पातं बोथट झालं की माणूस नकळत जोर लावतो आणि मग तोच अंगठा परत दुखतो. कापल्यावर मध्येच एखादा धागा न तुटता राहायला लागला की पातं बदला, कंजूषी करू नका. टाचणीवरून एकदा जरी गेलं तरी तिथे खाच पडते आणि मग प्रत्येक फेरीला त्याच अंतरावर एक धागा सुटतो.

जुनं पातं तसंच कचऱ्यात टाकू नका प्लीज, कचरा गोळा करणाऱ्यांचे हात कापतात. मी एका बिस्किटाच्या डब्याला टेप लावून त्यात साठवते.

*मशीनवाला:*
वरच्या ताईंशी सहमत, पण जमिनीवर बसून रोटरी कटर चालवू नका. त्याला वरून वजन द्यावं लागतं, बसून दिलं की सगळा जोर मनगटावर येतो. उभं राहून खांद्यातून जोर द्यायचा, तुमचा ओटाच त्यासाठी योग्य उंचीचा आहे. फक्त गॅस बंद, ओटा कोरडा.

मॅट ए-टू घ्या, म्हणजे साधारण १८ बाय २४ इंच. ए-थ्री स्वस्त पडते पण त्यावर लांब पट्टी मावत नाही. साडीचा पन्हा म्हणजे रुंदी ४५ इंचाच्या आसपास असते, दुमडून घातली की साडेबावीस, म्हणजे २४ इंचात बसते. सोबत सहा बाय चोवीसची ॲक्रिलिकची जाड पट्टी घ्या, स्टीलची शाळेतली नको, तिच्या कडेवर पातं चढतं आणि बोट जातं. पट्टीच्या खाली बारीक पॉलिश पेपरचे चार तुकडे चिकटवा, सरकायची थांबते.

मॅट सरळ आडवी ठेवा, गुंडाळू नका, खिडकीत उन्हात तर अजिबात नाही. माझी पहिली मॅट मे महिन्यात खिडकीखाली राहिली आणि लाटेसारखी वाकली, परत सरळ झालीच नाही. चाळीत जागा नसेल तर गादीखाली ठेवा.

*परळची:*
मऊ साडीचं उत्तर आपल्या आज्यांकडेच आहे, खळ. तांदळाची पातळ पेज गाळून त्यात साडी बुडवायची, अर्धवट ओली असतानाच इस्त्री मारायची, कागदासारखी कडक होते. मग हवं तसं कापा. गोधडी पूर्ण झाल्यावर धुतली की खळ निघून जाते. पण खळ घातलेलं कापड पावसाळ्यात तसंच ठेवू नका, बुरशी येते आणि झुरळं पण, कापायच्या दिवशीच घाला.

आणि एका वेळी चारच थर कापा. सहा पण जातात पण खालचा थर हलतो. सहा इंचाचा तयार चौकोन हवा तर साडेसहाचा कापायचा, दोन्हीकडे पाव इंच माया, म्हणजे शिवणीत जाणारं कापड. इथे एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग जरी चुकलं तरी दहा तुकड्यांच्या ओळीत सव्वा इंच होतं, आणि मग बाजूची ओळ जुळत नाही म्हणून आपण शिवणाऱ्याला बोलतो, चूक कापतानाच झालेली असते.

कात्री मात्र टाकू नका हं. ४५ च्या कटरने कोपऱ्यातले, वळणाचे तुकडे नीट होत नाहीत, दोरे तोडायला पण लागतेच. आईंसाठी स्प्रिंगवाली कात्री मिळते, दाबलं की कापते आणि आपोआप उघडते, अंगठ्याने उघडावी लागत नाही. शिंप्याची पारंपरिक हवी असेल तर मेरठची घ्या, मेरठच्या कात्रीला २०१३ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, पण आठ इंचीच घ्या, दहा इंची आता त्यांना जड होईल. दुकानात जाताना जुन्या साडीचा तुकडा बरोबर न्या आणि चार पदरी करून फक्त टोकाने कापून बघा. दुकानदार कडक कापड देतो त्यावर कुठलीही कात्री चांगलीच चालते.

*सुईदोरा:*
परळची यांना +१. आणि आजोबांची कात्री फेकू नका ताई. निळं टोक म्हणजे तापून पोलाद नरम पडलंय, पण तेवढंच टोक घासून कमी करून पाती परत जुळवून देणारे जुने कारागीर असतात. तुमच्या भागातल्या शिंप्यांना विचारा ते स्वतःची कुठे देतात. घरी आल्यावर मधल्या स्क्रूवर शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब, आपल्याकडच्या हवेत नाहीतर पावसाळ्यात चार दिवसांत गंजते.

*धागाकर्ती:*
सगळ्यांचे मनापासून आभार, तीन आठवड्यांनी लिहितेय कारण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

४५ चा कटर, ए-टू मॅट आणि पट्टी ऑनलाइन मागवली. स्प्रिंगची कात्री क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला मिळाली, साडीचा तुकडा नेला होता, तिसरी कात्री पास झाली. पहिल्या दिवशी आईने कटरला हात लावला नाही, मी चुकीचं कापत होते ते बघत उभी राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी ऑफिसमधून फोन केला तर म्हणाली नंतर बोल, हातात काम आहे. संध्याकाळी आले तर ओट्यावर ६२ चौकोन रंगाप्रमाणे लावून ठेवलेले. अंगठ्याला विचारलं तर म्हणते मनगट थोडं जड वाटतं पण अंगठा ठणकत नाही. आता आम्ही अर्ध्या तासाचा गजर लावतो, वाजला की थांबायचं, हे ती ऐकते असं नाही.

खळीचा उपाय तर फारच कामाचा निघाला. फक्त नऊवारीचे काठ तिने कापू दिले नाहीत. काठाला कात्रीने एक छोटी चीर दिली आणि दोन्ही हातात धरून टरकन फाडले, धाग्यात सरळ, अगदी एका रेषेत. म्हणाली कापडाला स्वतःची रेघ असते तिथे पट्टी कशाला. बरोबरच आहे, फाडलेला काठ खरंच कटरच्या तुकड्यापेक्षा सरळ आला. पण फाडताना पण अंगठाच लागतो, म्हणून चीर ती देते, फाडते मी.

आता १४० पूर्ण झालेत आणि चटईवर मांडणं चालू आहे, जांभळ्याची जागा अजून ठरत नाहीये. एक शेवटचं विचारते, चार कोपऱ्यांना आई तिच्या आईसारखे त्रिकोणी दुमडून तुकडे लावणार म्हणतेय, त्यासाठी चौकोन केवढा घ्यायचा, चार इंच पुरेल का? कुणी केले असतील तर सांगा, रविवारी बसणार आहोत.