२००७ ची ओम्नी: ठेवू की काढू?

महालचा ओम्नीवाला

नमस्कार मंडळी. नागपूरला बडकस चौकाच्या मागच्या गल्लीत राहतो, वय ५६. बायको पुडाच्या वड्या, वडाभात, गोळाभात करते, लग्नाकार्याच्या ऑर्डरी घेते. धंदा तिचा, मी ड्रायव्हर.

गाडी पांढरी मारुती ओम्नी, पाच सीटर. २०११ मध्ये सेकंडहँड ९५ हजारांत घेतली तेव्हा सासरे म्हणाले होते, "ही तर पोट्टे पळवायची गाडी." जुलै २०२२ मध्ये १५ वर्षं भरली, तेव्हा आरटीओत दाखवून पाच वर्षं वाढवून आणली. नवी नंबरप्लेटही लावून झाली. आता जुलै २०२७ ला परत जायचं, तेव्हा ती २० वर्षांची झालेली असेल.

पोट्टा पुण्याला आहे. तो मागे लागून राहिला की बाबा, ही काढा अन् मारुतीचीच ईको घ्या, हप्ते मी भरतो. तसं त्याचं चूक नाही. इंजिन बुडाखाली असल्यावर नागपूरच्या मे महिन्यात काय होतं ते बसणाऱ्यालाच माहीत. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक नऊ दिवसांत, मी सीटवर ओलं तरट टाकून निघतो, बेसा येईपर्यंत ते पापडासारखं कडक झालेलं असतं. मागच्या उन्हाळ्यात मनीषनगरला टेंपरेचरचा काटा लालवर गेला. इंजिन पाहायचं तर बायकोला उठवावं लागतं, कारण ती बसते तेच आमचं बॉनेट! ती कढीचा डबा मांडीवर घेऊन अर्धा तास फुटपाथवर बसली, तेवढ्यात दोघं वडी कशी दिली विचारून गेले.

पण बाप्पा, या गाडीत मागची सीट पाडली की चार मोठे गंज (पातेली) उभे राहतात, वर वड्यांच्या पराती. दार सरकवलं की गंज थेट ओट्यावर, वाकायचं काम नाही. माझ्या कमरेचं ऑपरेशन झालेलं आहे, म्हणून हे मला फार मोठं वाटतं.

खरी गोम पुढे आहे. आमच्या ओट्याची पायरी आणि विजेचा खांब यांच्यामध्ये ११ फूट ९ इंच जागा आहे. ओम्नीची लांबी ३३७० मिलिमीटर, म्हणजे ११ फुटांवर जेमतेम इंचभर. ईको ३६७५, १२ फुटांच्या वर. म्हणजे चार इंचांनी घोडं अडलं. गल्लीत दुसरीकडे कुठे लावली तर स्कूटीवाले शिव्या देतात.

शेजारी म्हणतो, २० वर्षांनंतर दिल्लीसारखी गाडीच बंद करतात. खरं का? आणि हे नवीन इथेनॉलचं पेट्रोल जुन्या गाडीला चालतं का? एकानं ही विकत घ्यायला ४५ हजार सांगितले, तेही गाडीभोवती एक चक्कर न मारता.

स्पॅनर सक्करदरा

काका, दिल्लीचा नियम दिल्ली आणि तिच्या आजूबाजूच्या भागाचा (एनसीआर) आहे, पेट्रोल १५ आणि डिझेल १० वर्षं. आपल्याकडे खासगी गाडी १५ नंतर दर पाच वर्षांनी दाखवून चालवता येते, २० नंतरही. फक्त पैसे वाढले. मागच्या वेळी तुम्ही ५ हजार फी भरली असेल, ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या कारला ती १० हजार आहे. ग्रीन टॅक्स वेगळा. मुदत संपायच्या ६० दिवस आधीपासून नोंदणी वाढवायचा फॉर्म २५ भरता येतो. उशीर करू नका, महिन्याला ५०० रुपये लागतात.

इंजिनाची काळजी नको. मारुती ८०० चंच ७९६ सीसी, तीन सिलिंडरचं आहे, सामान घाट रोडला आजही मिळतं. ओम्नी मरते ती पत्र्यानं. मॅट उचलून फ्लोअर पाहा, सरकत्या दाराच्या खालच्या पट्टीत पेचकस (स्क्रू ड्रायव्हर) टोचून पाहा. तुमच्याकडे कढी सांडत असेल ना? मग तिथंच सडलेली सापडेल.

पेट्रोलचं म्हणाल तर २० टक्के इथेनॉल जुन्या रबराला खातं आणि हवेतलं पाणी ओढतं. पेट्रोलचे रबरी पाइप एकदा सगळे बदलून घ्या आणि गाडी महिनोन्‌महिने अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नका. ॲव्हरेज थोडं पडेल, त्याला इलाज नाही.

गरम होते तर रेडिएटर आतून साफ करा. इंजिनाच्या पाण्याचं तापमान सांभाळणारा थर्मोस्टॅट कोणी काढून फेकला असेल, आपल्याकडे ही वाईट खोड आहे, तर परत बसवा. आणि पोट्ट्याला सांगा, ईकोचंही इंजिन सीटखालीच असतं. एसी मिळेल तेवढाच फरक.

मनीषनगरची मीनल

काका, लांबीरुंदीचा सगळा हिशेब वाचला. तुमचे पाय कुठे असतात त्याचा हिशेब दिसला नाही.

मी पाचवी ते दहावी ओम्नीतच शाळेत गेले, तेव्हा पंधरा जणी कोंबलेल्या असायच्या, त्यामुळे प्रेम मलाही आहे. पण २०१९ मध्ये कंपनीनं ही गाडी बनवणं बंद केलं ते समोरून धडकेच्या चाचणीचे नियम आले म्हणून. समोर इंजिन नाही, नाक नाही. पत्रा संपला की तुमचे गुडघे. माझ्या सासऱ्यांची होती. वर्धा रोडवर सिग्नलला नुसती पुढच्या ट्रॉलीला टेकली. वेग काही नव्हता, तरी चार महिने प्लास्टर. त्यानंतर घरात ओम्नीचं नाव काढलं नाही.

महालचा ओम्नीवाला

स्पॅनरभाऊ, पेचकस टोचला. गेला आत. डाव्या दाराखाली हातभर पट्टी सडलेली निघाली, वास कढीचाच. बायकोला दाखवलं तर म्हणते, तरी सांगत होते डब्याची झाकणं बदला.

मीनलताई, तुमचं वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. मी ४० च्या वर जात नाही, समृद्धी महामार्गावर तर कधी चाकही टेकवलं नाही. पण डाव्या बाजूला बायको बसते, हे खरंय.

मनीषनगरची मीनल

४० तुमचे झाले काका. समोरच्याचे किती?

स्पॅनर सक्करदरा

ओम्नीच पाहिजे असेल तर २०१७-१८ ची शोधा, कागदपत्रं २०३२-३३ पर्यंत चालतील. पण ताईंचा मुद्दा त्यानं सुटत नाही, गुडघे तिथंच राहतात. आणि ईको घ्यायची तर एक लक्षात ठेवा, ओम्नी ४.१ मीटरच्या त्रिज्येत वळते, ईकोला ४.५ लागतात. केळीबाग रोडला काही वाटणार नाही, तुमच्या गल्लीच्या तोंडाशी एकदा जास्त मागंपुढं करावं लागेल. सरळ ओटा फोडा ना चार इंच.

महालचा ओम्नीवाला

ओटा फोडायचा विषयच नाही. आई ८१ वर्षांची आहे, संध्याकाळी पाचला तिथे बसते ती सातपर्यंत. येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी, मग कोण कोणाकडे गेलं ते आम्हाला जेवताना.

काटोलचा संत्रेवाला

राम राम भाऊ. माह्याकडंबी हाय, २००५ ची. आंबिया बहार निघाला का भल्या पहाटे कळमन्याच्या मार्केटले संत्रा घेऊन निघतो, मांगच्या सीटा पाडून. आता टेम्पो घेतला तरी बायको म्हंते ओम्नीच काढा, टेम्पोत चढाले फुटभर उडी माराव लागते.

तुमचं वाचलं तं एक गोष्ट समजली नाही. तुमी ओटा-ओटा करून राहिले, पन गाडीले आडवी येते ते पायरी ना? मंग ओट्याले हात कायले लावता? पायरी गल्लीकडं निंगालेली असन तं ते काढा अन् ओट्याच्या दुसऱ्या टोकाले लावा, खांबापासून लांब. दोन दिवसाचं काम हाय गवंड्याचं. आमी गोठ्याची अशीच फिरवली.

आन ओम्नी इकली तं मले सांगा. माह्या गाडीले दारं पाहिजे.

महालचा ओम्नीवाला

काटोलचे भाऊ, १४ वर्षं त्याच पायरीवर पाय ठेवून गाडीत चढलो, पण हे डोक्यात आलं नाही. आज टेप घेऊन उतरलो. पायरी दीड फूट पुढे आहे. ती त्या टोकाला नेली तर खांबापासून १३ फूट ३ इंच मोकळे होतात. ईको उभी राहून वर फूटभर जागा उरते.

पोट्ट्याला फोन केला, तो म्हणतो दिवाळीत येतो तेव्हा सोबत जाऊन पाहू. बायकोनं अट घातली की शोरूमला मोठा गंज घेऊन जायचा, तो दारातून सरळ आत गेला तरच पुढची बोलणी. शोरूमवाले काय म्हणतील ते म्हणोत.

आईला विचारायचं मात्र दोन दिवस टाळलं. पायरी आजोबांच्या काळापासून तिथेच आहे. आज चहा देताना विचारून टाकलं. म्हणाली, कुठेही करा, उंच करू नका.

रविवारी गवंडी येऊन राहिला. आणि भाऊ, उजवं दार एकदम चांगलं आहे, डाव्याची पट्टी सडकी, ते तुम्ही वाचलंच. तरी ४५ ला मागू नका.