कुलूप दिसलं म्हणजे झालं?

ब्राउझरमध्ये साइटच्या पत्त्याशेजारी कुलूप दिसलं की मधल्या कुणाला काही वाचता येत नाही, असं म्हणतात. साध्या ब्राउझरपुरतं ठीक आहे. डेटा वाचवणाऱ्या ब्राउझरांची गोष्ट वेगळी. ऑपेरा मिनीच्या एक्स्ट्रीम मोडमध्ये पान आधी त्यांच्या सर्व्हरवर उघडतं, तिथे आकार कमी होतो आणि मग फोनवर येतं. म्हणजे एन्क्रिप्शन (मजकुराला घातलेलं सांकेतिक कुलूप) वाटेतच सुटतं. २०१३ मध्ये नोकियाच्या एक्सप्रेस ब्राउझरबद्दल हेच उघड झालं होतं. कंपनीने मान्य केलं, वर मजकूर आम्ही बघत नाही म्हणाली. ठेवा विश्वास!

वडिलांच्या जुन्या फोनवर मीच असा एक ब्राउझर टाकून दिला होता. सदाशिव पेठेत बसून हवामान बघितलं, तर परदेशातल्या कुठल्याशा शहरातली थंडी. "अरे, इथे पंखा पाचावर आहे!" साइटला पत्ता दिसत होता तो सर्व्हरचा. हसलो खरे, पण त्यातच ते बँकेचा पासवर्डही टाकतात हे कळल्यावर ब्राउझर त्याच मिनिटाला उडवला.

साध्या ब्राउझरमध्येही कोणत्या साइटवर गेलात हे मोबाइल कंपनीला बहुधा कळतंच. डीएनएसची चौकशी (साइटच्या नावावरून तिचा इंटरनेटवरचा पत्ता विचारणं) आणि कनेक्शनच्या सुरुवातीला जाणारं साइटचं नाव, दोन्ही सहसा उघडी असतात. अँड्रॉइड ९ पासून सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' आहे, त्याने पहिली फट बुजते, दुसरी नाही. व्हीपीएन (सगळी ये-जा आपल्या सर्व्हरमधून झाकून नेणारी सेवा) घेतलं तर कुठे कुठे गेलात ही यादी व्हीपीएनवाल्याच्या हातात. शिवाय सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या आदेशानुसार त्यांनी ग्राहकांची नावं, पत्ते, आयपी (इंटरनेटवरचे पत्ते) ५ वर्षं जपून ठेवायचे आहेत.